आईनं निवडलेले चिंचोके

नांदेडला आमच्या प्रयोगशाळेत आतल्या बाजूला एक छोटी खोली आहे. तिथं पेशी वाढवतात. एका वेळी एकाच माणसानं आत जावं, अशी दारावर पाटी आहे. माणूस म्हणजे जंतूंचं पोतं. जितकी माणसं आत, तितकी पेशींना लागण व्हायची भीती. ही पाटी आता कुणासाठी आहे ते मला कळत नाही, कारण त्या खोलीत जाणारी मी एकटीच उरले आहे. बरोबरची एक मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, एक मुलगा हैदराबादच्या औषध कंपनीत लागला. आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, सदान्‌कदा बैठकीत असतात. जिन्यात भेटले की विचारतात, "काय, पेशी बऱ्या आहेत ना?" मी बरी आहे का, हे ते विचारत नाहीत आणि मीही आपणहून सांगायला जात नाही.

माझं काम सांगायला लागलं की ऐकणाऱ्याचे डोळे जड होतात, म्हणून थोडक्यात सांगते. एखाद्या पेशीतलं जनुक जन्मापासून बिघडलेलं असेल, तर चांगलं जनुक बाहेरून आत घालता येईल का, असा तो प्रश्न आहे. जनुक असतं डीएनएवर. डीएनएवर ऋणभार असतो आणि पेशीच्या आवरणावरही ऋणभारच. त्यामुळं दोघं एकमेकांना दूर लोटतात, रुसलेल्या जावांसारखी. मग मध्ये तिसरा लागतो. हा तिसरा म्हणजे धनभारित पॉलिमर, एक लांबलचक साखळी. ती डीएनएला लपेटून त्याची बारीक गोळी करते, ती गोळी पेशीला जाऊन चिकटते आणि पेशी तिला गिळते. ऐकायला सोपं आहे. खरी कटकट पुढं आहे. धनभार कमी पडला तर गोळी होत नाही, जास्त झाला तर पेशीचं आवरणच फाटतं. बाजारात मिळतात ती पॉलिमर जनुक आत पोचवतात, पण निम्म्या पेशी मारून.

मला पेशी न मारणारं पॉलिमर करायचं होतं. त्यासाठी मी चिंचोका धरला. चिंचोक्याच्या पांढऱ्या गरात साखरेच्या लांब साखळ्या असतात. त्यांच्यावर रसायनानं धनभार चढवायचा, अशी माझी कल्पना. सर हसले, पण करू नको असंही म्हणाले नाहीत. मी रेणापूरला घरी फोन केला. आईनं आणि दादानं चिंचोके गोळा केले, भाजले, दादानं कुटले, आईनं वरचं तपकिरी साल आणि किडके दाणे काढून नुसता पांढरा गर निवडला आणि त्याचं पीठ केलं. दादाचं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तो कागद आणायला लातूरला जाई तेव्हा पिठाची पिशवी नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देई. मी स्टँडवर जाऊन ती घेई. आणि काय सांगू, पहिल्याच खेपेला ते जमलं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जिवंत होत्या आणि त्यातल्या बऱ्याचशा हिरव्या चमकत होत्या. मी आत घातलेलं जनुक चमकणाऱ्या प्रथिनाचं होतं. ते पोचलं की पेशी हिरवी दिसते, एवढीच त्याची खूण. मी खुर्चीवरून उठले, कुणाला तरी दाखवावं म्हणून बाहेर आले. व्हरांड्यात कुणी नव्हतं. परत आत जाऊन बसले.

एकदा जमलं की मूळ माल बदलायचा नाही, ही आमच्या कामातली रीत. त्यामुळं पीठ आईचंच राहिलं.

आता आईबद्दल सांगते. आई अंगणवाडी सेविका होती, निवृत्त झाली. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. आधी रातांधळेपणा होता. पौर्णिमेला विहारातून परत येताना ती कुणाचा तरी हात धरून यायची आणि वर त्या बाईलाच सांगायची, "संभाळून चाल गं, खड्डा हाय." पुढं पुढं बाजूचं दिसेनासं झालं. नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसे. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जनुकातला दोष आहे, औषध नाही. आईचे आई-वडील नात्यातलेच, मामाच्या मुलीशी केलेलं लग्न. आमच्याकडं त्यात कुणाला नवल वाटत नाही. दोघांकडं एकेक बिघडलेलं जनुक होतं, ती दोन्ही आईच्या वाट्याला आली. आम्हा भावंडांकडं त्यातलं एकच, म्हणून आमचे डोळे धड आहेत.

माझा विषय मी आईसाठी घेतला, असं म्हणायला मलाही आवडलं असतं. पण सरांकडं जागा त्या विषयात होती आणि मला कुठंतरी चिकटायचं होतं, एवढंच. दादानं मात्र ऐकलं "जनुक", आणि दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "बहीण माज्या आईच्या डोळ्याचं औषध काढून राहिली नांदेडला." आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या माणसाला हे कशाला हवं? पण झालं. गावभर झालं. मी घरी गेल्यावर नीट समजावून सांगितलं की मी काचेच्या ताटलीतल्या पेशी फक्त चमकवते, डोळ्याचा आणि त्याचा अजून काही संबंध नाही. आई म्हणाली, "हाव, आधी चमकवावंच लागत आसल." त्यानंतर दर फोनला शेवटी एकच प्रश्न असे, "कुठवर आलं?" मी म्हणे, "चालू आहे." यात खोटं काही नव्हतं. चालूच होतं.

आई चिंचोके कुणालाही निवडू देत नसे. शेजारची बाई मदतीला आली तर तिला चहा पाजून परत पाठवी. "माज्या औषधाचे हायत, मीच निवडणार," म्हणे.

आईचं हे औषधावर विसंबणं नुसतं गोड असतं तर मी काही बोलले नसते. पण तिनं त्यापायी बाकी सगळं अडवून धरलं. जिल्हा रुग्णालयात जाऊन दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं होतं, ती गेली नाही. लातूरला एक बाई पांढरी काठी धरून चालायला शिकवतात, दादानं त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं, तिनं साफ नकार दिला. "काठी घेतली म्हंजे आंधळी झाले आसं ठरलं. औषध येऊन राहिलंय, कामून घेऊ?" दादाची बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिची बदली मुखेडकडं झाली तशी ती लेकरांना घेऊन तिकडंच राहते. दादा दिवसभर दुकानात. घरात आई एकटी, आणि काठीसुद्धा नाही. एके दिवशी दादाचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"काल नालीत पाय गेला तिचा. नडगी सोलून निघाली. शेजारच्यांनी उचलून आणलं. काठीचं काढलं की तुजं नाव सांगती. माजं ती ऐकत न्हाई, तूच सांग तिला, औषध न्हाई म्हणून."

"गावभर तूच सांगितलंस ना? तूच निस्तर."

"मी सांगितलं तर ती म्हणती तुला काय कळतंय, झेरॉक्सवाल्याला."

यावर मला हसू आलं आणि त्याला जास्तच राग आला. त्यानं फोन ठेवला. त्याचं बरोबर होतं, हे मला कळत होतं. सांगायला हवं होतं, आणि ते मीच सांगायला हवं होतं. पण फोनवर कसं सांगणार? घरी जाऊन सांगेन, असं म्हणून मी पुढं ढकललं, आणि घरी जायला मला सवड नव्हती, कारण नेमक्या त्याच दिवसांत माझ्या पेशी मरायला लागल्या होत्या.

आधी वाटलं एखादी ताटली बिघडली असेल. पुन्हा केलं, तरी तेच. पॉलिमर घातलं की दुसऱ्या दिवशी पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या, पाण्यात तरंगणाऱ्या. हिरवं तर नावालाही नाही. मी पाणी बदललं. रसायनांच्या नव्या बाटल्या मागवल्या. डीएनए नव्यानं काढला. वीज जाऊन पेशींच्या कपाटाचं तापमान उतरत असेल म्हणून एक अख्खा दिवस त्या कपाटासमोर स्टूल टाकून बसून राहिले, काट्याकडं बघत. सर म्हणाले, "होतं असं कधीकधी," आणि बैठकीला गेले. त्या सबंध पावसाळ्यात मी ज्यांच्याशी रोज बोलले अशी माणसं मोजायला गेले तर स्टँडजवळचा चहावाला आणि घरमालकीण. घरमालकीण पाण्याच्या मोटारीबद्दलच बोलते. बुद्ध पौर्णिमेला मी घरी गेले नव्हते, आईनं खीर केली होती म्हणे. नंतर पंचमी गेली, गौरी-गणपतीत सगळं नांदेड रस्त्यावर आलं, आणि मी खोलीचं दार लावून मेलेल्या पेशींची ताटली उजेडाकडं धरून बघत होते. खूप एकटं वाटायचं. ते कुणाला सांगावं असंही वाटत नव्हतं, कारण सांगितलं तर लोक म्हणणार, घरी जा. घरी गेलं की आई विचारणार, कुठवर आलं.

मग एकदा सामानाचं कपाट आवरताना पहिल्या खेपेच्या पिठाची बाटली सापडली. तळाशी थोडं उरलं होतं. ते मी पांढऱ्या कागदावर ओतलं आणि शेजारी नव्या पिशवीतलं चिमूटभर ठेवलं. जुनं पीठ ज्वारीच्या पिठाइतकं पांढरं होतं. नवं मात्र तांबूस. एकेकटं बघितलं तर कळलं नसतं, खेपेगणिक थोडं थोडं बदलत गेलं होतं. चिंचोक्याच्या सालात टॅनिन असतं, तुरट. ते पॉलिमरला असं चिकटतं की कितीही धुतलं तरी पुरतं निघत नाही, आणि पेशींना ते सोसत नाही. म्हणजे गरात साल जात होतं. आई नीट निवडत नव्हती.

मला संताप आला. अख्खा पावसाळा मी पाणी आणि विजेला शिव्या देत काढला आणि चूक रेणापूरच्या सुपात होती. निवडायचा कंटाळा आला होता तर सांगायचं, मी विकतचं पीठ आणलं असतं. शनिवारी सकाळच्या गाडीनं निघाले. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत मनातल्या मनात आईशी भांडत होते. चाकूर येईतो भांडण चांगलं तयार झालं होतं.

घरी पोचले तेव्हा दुपार व्हायची होती. दार उघडंच होतं. आई अंगणात ऊन धरून बसली होती, पुढ्यात सूप, सुपात कुटलेले चिंचोके. नडगीवर जखमेचा काळा डाग अजून होता. मी दारात उभी राहिले. चपला बाहेर काढल्या होत्या, त्यामुळं आवाज झाला नाही. ती अगदी माझ्या समोर होती, तोंड माझ्याकडं होतं, आणि तिला मी आल्याचं कळलं नाही.

मी तिचे हात बघत राहिले. ती एकेक दाणा उचले, अंगठ्यानं चोळे, खडबडीत लागला तर डावीकडं टाके, गुळगुळीत लागला तर उजवीकडं. सुपाकडं ती बघतच नव्हती. भाजल्यावर साल सुटलं नाही तर ते गराला असं घट्ट बसतं की हाताला गुळगुळीतच लागतं. उजवीकडच्या ढिगात पांढऱ्याबरोबर निम्मे अर्धे तपकिरी पडत होते, आणि ती मन लावून, एकही दाणा न सोडता निवडत होती. कंटाळा नव्हता तो. तिचं समोरचंही गेलं होतं. नळीतलं तेवढं उरलेलं, तेही. आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"आई," मी म्हणाले.

ती दचकली. मग तोंडभर हसली. "कवा आलीस? कळू बी दिलं न्हाईस. जेवलीस का?"

मी तिच्याजवळ बसले. उजवीकडच्या ढिगातला एक दाणा तिच्या तळहातावर ठेवला. "हा कसा आहे बघ."

तिनं तो डोळ्यांपुढं धरला, उन्हाकडं केला, आणि शेवटी अंगठ्यानं चोळला. "पांढराफेक हाय. कामून?"

तो अर्धा तपकिरी होता. तयार करून आणलेलं भांडण कुठल्या कुठं गेलं. मी म्हणाले, "कधीपासून दिसत नाही?"

तिनं तो दाणा परत सुपात टाकला. मग म्हणाली, "उन्हाळ्यापासून. उजेड कळतो. तुजा दादा उगी घाबरंल म्हून बोलले न्हाई. आन्‌ तुजं होतच आलंय, तवर कळ काढावी म्हणलं."

आता पुढं ढकलायला काही राहिलं नव्हतं. मी तिचा हात धरला आणि सांगितलं. मागे सांगितलं होतं तसं नाही, अगदी सरळ सांगितलं. म्हणाले, "आई, मी करते ते तुझ्या डोळ्याला येणार नाही. ताटलीतल्या पेशीच अजून मरतात. डोळ्यात घालायची गोष्टच नाही. पुढं कधी कुणी केलं तर ते दुसऱ्याच तऱ्हेनं होईल, दुसरंच कुणी करेल. तुझ्या हयातीत नाही. माझ्यासुद्धा नसेल."

"मंग हे चिंचोके?"

"त्यानं पेशी चमकतात. बस, एवढंच."

आईनं हात सोडवून घेतला. सुपातले दाणे एकत्र केले, निवडलेले आणि न निवडलेले, सगळे. रडली नाही. मला वाटत होतं ती रडेल, किंवा मला बोलेल, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी आली. ती म्हणाली, "दादाला सांग, त्या बाईला फोन लाव म्हणावं. काठीच्या."

"सांगते."

"कागद बी काढू. दवाखान्याचा." मग सूप बाजूला सारून ती म्हणाली, "एक इचारू?"

"विचार."

"मंग तू तिथं कशापायी राहून राहिलीस एकटी?"

मला नीट कळलं नाही ती काय म्हणते ते.

"सणाला न्हाई, सुदीला न्हाई. लग्नाचं काढलं की तोंड फिरवती. मला वाटायचं, माज्या डोळ्यापायी जीव जाळून राहिली पोरगी. म्हून मी कवा ये म्हणलं न्हाई तुला. दादा म्हणायचा बोलव, बोलव. मी म्हणायची, नगं, तिचं काम आडंल." तिनं माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं, नेमकं नाही, थोडं बाजूला. "आता माजं काय न्हाई तिथं. ये घरी."

मी तिच्यासाठी राहिले नव्हते. त्या खोलीत मला कुणी काही विचारत नाही, म्हणून राहिले होते. तिथं एकटी असण्याला काम असं नाव होतं, आणि रेणापूरच्या अंगणात त्याच गोष्टीला काही नावच उरलं नसतं. खूप काळ मी नुसतं माझ्या एकटेपणाचं दुःख करत आले, पण तो सोडायचीच मला भीती वाटते हे तिच्यासमोर बसल्यावर कळलं. पण एका दिवसात आईला किती खरं सांगायचं? मला जे सुचलं ते मी बोलले.

"आई, पेशींना रोज बघावं लागतं. तिथं बघायला दुसरं कुणी नाही गं."

"हाव," आई म्हणाली. "हितं बी न्हाई."

ती हे तक्रारीनं म्हणाली असती तर मी भांडले असते. मला ते चांगलं येतं, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती तसं म्हणाली नव्हती. नळाला आज पाणी नाही हे सांगावं, तसं तिनं ते सांगितलं आणि माझ्यासाठी भाकरी टाकायला भिंतीला हात लावत आत गेली. मी तिथंच बसून राहिले.